हप्त्यांचा तक्ता सॉफ्टवेअरमध्ये बसवताना

आमच्याकडे हप्त्यांचे तक्ते स्प्रेडशीटवर निघत. प्रत्येक शाखेची आपापली शीट, तिच्यात कुणीतरी कधीतरी घालून ठेवलेली सूत्रं आणि वर रंगवलेल्या तीन चौकटी: रक्कम, दर, हप्त्यांची संख्या. तेवढं भरलं की खाली तक्ता तयार. संस्थेनं सूक्ष्मवित्ताचं, म्हणजे लहान कर्जांच्या व्यवहाराचं, सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं आणि कर्जाची प्रॉडक्टं त्यात उभी करण्याचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा सगळ्यांचा हिशोब सोपा होता. तीन चौकटी इथून उचलायच्या, तिथे ठेवायच्या.

सॉफ्टवेअर अपाचे फिनेरॅक्टवर बांधलेलं होतं. हे मुक्तस्रोत आहे. ग्रामीण फाउंडेशननं सुरू केलेल्या मिफॉस या प्रकल्पातून ते वाढलं आणि २०१७ पासून अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनचा पूर्ण दर्जाचा प्रकल्प म्हणून चालतं. गट, केंद्र (एकत्र बैठक घेणारे काही गट), केंद्राची बैठक, बैठकीच्या दिवशी होणारी वसुली या गोष्टी त्याच्या रचनेत पहिल्यापासून आहेत, त्यामुळे आमच्या कामाला ते जवळचं वाटलं. नव्या लोन प्रॉडक्टचा फॉर्म उघडला, तर तीन चौकटींच्या जागी टप्प्याटप्प्यानं उलगडत जाणारी पानंच्या पानं. परतफेडीची पद्धत, व्याजाची पद्धत, व्याज मोजण्याचा कालावधी, वर्षाचे दिवस, महिन्याचे दिवस, सवलतीचा काळ, वसुलीचा क्रम, कितीच्या पटीत हप्ता, किती थकबाकी चालवून घ्यायची.

यातला एकही प्रश्न नवा नव्हता. आमची माणसं या सगळ्यांची उत्तरं वर्षानुवर्षं देतच होती, फक्त कुणी विचारल्याशिवाय. स्प्रेडशीटच्या सूत्रात, फील्ड ऑफिसरच्या सवयीत, रोखपालाच्या पेन्सिलीत ती उत्तरं होती. सॉफ्टवेअर त्यांना पहिल्यांदा मोठ्यानं विचारत होतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवते, कारण तिच्यामुळे बाकीच्या सगळ्याला वजन येतं. प्रॉडक्ट म्हणजे साचा. कर्जाचा अर्ज भरला की त्या वेळच्या अटींची नक्कल त्या कर्जाकडे जाते. नंतर तुम्ही प्रॉडक्टमधला दर किंवा पद्धत बदललीत, तरी वाटप झालेल्या कर्जाचा तक्ता जागचा हलत नाही. हलूही नये, कारण तोच तक्ता छापून कर्जदाराच्या हातात गेलेला असतो. म्हणजे चौकट चुकली तर ती पुढच्या प्रत्येक कर्जात उतरते आणि नंतर एकेक कर्ज उघडून निस्तरावी लागते.

पहिली अडचण व्याजाच्या पद्धतीत आली. आमच्या पत्रकावर व्यक्तिगत कर्जालाही आणि गटकर्जालाही ‘वार्षिक २४ टक्के’ एवढंच छापलेलं. शीट उघडून पाहिल्या, तर व्यक्तिगत कर्जाला घटत्या शिलकीवर आकारणी आणि गटकर्जाला फ्लॅट. आकडे मांडले की फरक डोळ्यांत भरतो. १२,००० मुद्दल, वार्षिक २४ टक्के, १२ मासिक हप्ते असं कर्ज घ्या. फ्लॅटनं व्याज २,८८०, एकूण परतफेड १४,८८० आणि हप्ता १,२४०. घटत्या शिलकीवर हप्ता १,१३४.७२ आणि व्याज सुमारे १,६१७. छापील दर तोच. फ्लॅटमध्ये कर्जदार दर महिन्याला मुद्दल परत करत असतो, पण व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण १२,००० वर भरतो. १,२४० चा हप्ता घटत्या शिलकीच्या हिशोबात बसवला, तर दर ४१.७ टक्क्यांच्या आसपास येतो.

लेखाविभागाच्या प्रमुख मॅडमना मी हे कागदावर काढून दाखवलं. त्यांना ते ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, “ठाऊक आहे गं, पण आजवर दोन्ही तक्ते एका टेबलावर कुणी ठेवले नव्हते.” गटकर्जाचं फ्लॅट बंद करून घटत्या शिलकीचा दर ठरवायचा आणि तोच पत्रकावर छापायचा, असा निर्णय नंतर व्यवस्थापनानं घेतला. दर किती ठेवायचा यावर बऱ्याच बैठका झाल्या. त्यात माझं काही काम नव्हतं आणि मी त्यांच्या वाटेलाही गेले नाही. माझी भूमिका एवढीच होती की सॉफ्टवेअर फ्लॅटही तितक्याच निमूटपणे करून देतं. ते तुम्हाला थांबवणार नाही.

त्याच पानावर आणखी एक पर्याय असतो: समान हप्ते की समान मुद्दल. समान मुद्दल घेतलं तर वरच्याच कर्जात दर महिन्याला १,००० मुद्दल आणि वर उरलेल्या शिलकीचं व्याज. पहिला हप्ता १,२४०, शेवटचा १,०२०, एकूण व्याज १,५६०. व्याज थोडं कमी पडतं, पण दर महिन्याला वेगळा आकडा लक्षात ठेवावा लागतो. फील्डवरच्या कुणालाही ते नको होतं. आम्ही समान हप्ते ठेवले आणि यावर कुणी वादही घातला नाही.

दराच्या चौकटीशेजारी एक छोटी यादी असते, दरमहा की दरवर्षी. २४ लिहिलं आणि यादीत ‘दरमहा’ राहिलं, तर तक्ता तरीही निघतो, नीटनेटका, कुठे लाल अक्षरं नाहीत. म्हणून दराची किमान आणि कमाल मर्यादा घालायची सोय वापरावीच. तीच सोय रकमेला आणि हप्त्यांच्या संख्येलाही आहे. पहिल्या कर्जाला लहान रक्कम आणि नियमित फेडलं की पुढच्या कर्जाला मोठी, अशी पद्धत असेल तर कितवं कर्ज आहे त्यानुसार मर्यादा बदलता येतात. आम्ही ते वापरलं आणि शाखाधिकाऱ्याच्या लक्षात ठेवण्यावरचा एक भार कमी झाला.

मग दिवस मोजण्याचा विषय आला. बाहेरच्या माणसाला हा किरकोळ वाटेल, पण जुळवाजुळवीचा सगळ्यात मोठा वेळ यानंच खाल्ला. व्याज हप्त्याच्या कालावधीप्रमाणे मोजायचं की रोजच्या हिशोबानं? कालावधीप्रमाणे म्हणजे महिना तो महिना, २८ दिवसांचा असो की ३१ चा, १२,००० वर २ टक्के म्हणजे २४० व्याज. रोजच्या हिशोबानं, वर्ष ३६५ दिवसांचं धरून, ३१ दिवसांच्या महिन्याला २४४.६० आणि २८ दिवसांच्या महिन्याला २२०.९३. दिवस खरे मोजायचे पण वर्ष मात्र ३६० दिवसांचं धरायचं, असं केलं तर ३१ दिवसांना २४८ होतात आणि वर्षाअखेर संस्थेच्या पदरात थोडं जास्त पडतं. पत्रकावरचा दर बदलत नाही, कुणाला काही सांगावं लागत नाही. मला हा शेवटचा प्रकार आवडत नाही आणि आम्ही तो घेतला नाही.

वर्षाच्या दिवसांच्या यादीत ३६०, ३६५ आणि प्रत्यक्ष दिवस यांच्याबरोबर ३६४ हाही एक पर्याय आहे. तो कुणासाठी, हे आमच्या कार्यालयात कुणाला चटकन सांगता येईना. उत्तर साप्ताहिक हप्त्यांत आहे. ५२ आठवडे गुणिले ७ दिवस म्हणजे ३६४. वर्ष ३६४ दिवसांचं धरलं की एका आठवड्याचं व्याज वार्षिक दराचा बरोबर बावन्नावा भाग होतं. आमच्या साप्ताहिक गटकर्जाच्या शीटमध्ये सूत्र ‘दर भागिले ५२’ असंच होतं. ३६५ निवडून मी ते तक्ते जुळवत बसले असते, तर प्रत्येक ओळीत बारीकसा फरक राहिला असता.

शाखांच्या शीट एकमेकींशी ताडून पाहिल्यावर आणखी एक गोष्ट उघडी पडली. एकाच प्रॉडक्टचा, एकाच रकमेचा तक्ता दोन शाखांत वेगळा निघत होता. एकीकडे महिन्याचं व्याज सरळ बाराव्या भागानं, दुसरीकडे तारखांची वजाबाकी करून. दोन्ही शाखांतली माणसं आपापल्या जागी बरोबर होती, कारण लेखी नियम कुठेच नव्हता. आम्ही मासिक कर्जांना हप्त्याच्या कालावधीप्रमाणे व्याज ठेवलं. रोजचा हिशोब अधिक काटेकोर आहे हे खरं, पण कर्जदाराला बसल्या जागी बोटांवर पडताळता येईल असा तक्ता आम्हाला हवा होता.

पण कालावधीप्रमाणे व्याज म्हटलं की लगेच पहिल्या हप्त्याचा प्रश्न उभा राहतो. इथे मला जास्तीत जास्त शिकवलं ते फील्ड ऑफिसरांनी. समजा वाटप २० एप्रिलला झालं आणि बैठक दर महिन्याच्या ५ तारखेला असते. पहिला हप्ता ५ मे ला घ्यायचा, म्हणजे पंधराव्या दिवशी? की ५ जूनला, सेहेचाळिसाव्या दिवशी? कालावधीप्रमाणे मोजलं तर दोन्हीकडे पहिलं व्याज २४०च. ५ मे ला घेतला तर कर्जदारावर अन्याय, ५ जूनला घेतला तर संस्थेचं नुकसान. ३६५ दिवसांच्या हिशोबानं मोजलं तर पंधरा दिवसांचे ११८.३६ आणि सेहेचाळीस दिवसांचे ३६२.९६.

सॉफ्टवेअरमध्ये यावर उत्तर आहे. व्याज कालावधीप्रमाणेच ठेवून, तुटक कालावधी असेल तिथे मात्र नेमक्या दिवसांचं मोजा, अशी खूण करता येते. वाटप आणि पहिला हप्ता यांत किमान इतके दिवस हवेत, अशीही एक चौकट आहे. किती दिवस, हे मी एका जुन्या फील्ड ऑफिसरांना विचारलं. ते म्हणाले, “ताई, पैसे हातात पडल्यावर माल यायचा, विकायचा, मग हप्ता. पंधरा दिवसांच्या आत मागायला गेलं की बाई त्याच कर्जातल्या नोटा काढून परत देते.” किमान दिवसांचा आकडा त्या वाक्यावरून ठरला. कुठल्याही मार्गदर्शिकेत तो मला मिळाला नसता.

गटकर्जात हप्त्याची तारीख कर्जाच्या मालकीची नसतेच, ती बैठकीची असते. केंद्राची बैठक मंगळवारी, तर त्या केंद्रातल्या प्रत्येकीचा हप्ता मंगळवारी, कर्ज कधीही उचललेलं असो. म्हणून आधी केंद्राची बैठक आणि तिची आवर्तनं घालायची आणि मग कर्जाच्या अर्जात ‘हप्ते बैठकीशी जोडा’ ही खूण करायची. हा क्रम पाळावा लागतो. बैठक न घालता कर्ज घातलं तर तक्ता वाटपाच्या तारखेवरून निघतो, वसुलीच्या यादीत ती कर्जदार भलत्याच दिवशी दिसते आणि फील्ड ऑफिसर बैठकीत यादी वाचताना तिचं नाव येतच नाही. शाखांच्या प्रशिक्षणात मी बाकी काही कमी केलं, पण हा क्रम प्रत्येकाकडून करून घेतला.

आता पूर्णांकांचा भाग. मला यात सगळ्यात मजा आली, बाकीच्यांना सगळ्यात कंटाळा.

१,१३४.७२ असा हप्ता कुणी देत नाही. बैठकीत सुट्ट्या नाण्यांचा खेळ चालत नाही. स्प्रेडशीटवर १,१३५ छापलं जाई आणि शेवटी जे काही कमी-जास्त होईल ते रोखपाल बघून घेई. सॉफ्टवेअरमध्ये हप्ता कितीच्या पटीत हवा ते सांगता येतं. ५ च्या पटीत सांगितलं की अकरा हप्ते १,१३५ चे आणि बारावा १,१३१.१७ चा. प्रत्येक हप्त्यात जास्त गेलेले काही शतांश आणि त्यांच्यावर वाचलेलं व्याज मिळून शेवटी तीन-चारचा फरक. ठीक आहे. १० च्या पटीत केलं तर हप्ता खाली येऊन १,१३० होतो आणि शेवटचा सुमारे १,१९३ वर जातो. ५० च्या पटीत केलं तर हप्ता १,१५० आणि शेवटचा ९४५ च्या आसपास.

कुठलं बरं? वसुली विभागाला ५० हवं होतं, मोजायला सोपं. मी फील्ड ऑफिसरांना आणखी एक प्रश्न विचारला: शेवटचा हप्ता जास्त आला तर काय होतं आणि कमी आला तर काय होतं? कमी आला तर कुणी तक्रार करत नाही, उलट बाई खूश होते. जास्त आला तर भांडण ठरलेलं, कारण तिनं वर्षभर एकच आकडा पाठ केलेला असतो आणि शेवटी ‘आणखी त्रेसष्ट द्या’ म्हटलं की तिला कुणीतरी मधले पैसे खाल्ल्याचा संशय येतो. तेव्हा १० ची पट बाद. ५ ची पट ठेवली आणि नेहमी वाटल्या जाणाऱ्या प्रत्येक रकमेचा तक्ता काढून शेवटचा हप्ता कुठे वर जातो ते पाहिलं. जिथे जरा जास्त वर जात होता, तिथे तो आकडा कर्जाच्या कार्डावर ठळक छापायला लावला.

शतांशाचा एक फरक मात्र जाता जाईना. स्प्रेडशीट आणि सॉफ्टवेअर यांच्या व्याजाच्या स्तंभात मधूनच एखाद्या ओळीत ०.०१ चा फरक यायचा. लेखाविभागात यावरून बरीच चर्चा झाली, कारण त्यांच्या दृष्टीनं शतांशाचा फरक म्हणजे फरकच. कारण सापडलं ते गोल करण्याच्या पद्धतीत. फिनेरॅक्टमध्ये ही पद्धत संपूर्ण यंत्रणेसाठी एकाच ठिकाणी ठरते आणि मुळात ती जवळच्या सम अंकाकडे झुकणारी असते: १८६.१२५ चे १८६.१२ होतात. स्प्रेडशीटमधलं नेहमीचं राउंड अर्ध्याला वर ढकलतं, १८६.१३. हिशोब दोन्ही बरोबर. सम अंकाकडे झुकणाऱ्या पद्धतीत हजारो ओळींची बेरीज एका बाजूला कलत नाही, म्हणून आम्ही तीच ठेवली आणि मॅडमनी तसं टिपण लिहून फाइलला लावलं. ही सेटिंग सुरुवातीलाच ठरवून टाकावी. कर्जं चालू झाल्यावर तिला हात लावू नये.

सुट्ट्यांबद्दल फार लिहीत नाही. हप्ता सुट्टीच्या दिवशी आला तर त्याच दिवशी ठेवा, पुढच्या कामाच्या दिवशी न्या, आधीच्या दिवशी आणा किंवा पुढच्या बैठकीला न्या, असे चार पर्याय मिळतात. मासिक कर्जांना पुढचा कामाचा दिवस चालतो. साप्ताहिक गटांना तो चालत नाही, कारण बुधवारी त्या केंद्रावर कुणी जाणारच नसतं. पण हप्ता पुढच्या बैठकीला नेला की एकाच मंगळवारी दोन हप्ते येऊन पडतात. पुढचे सगळे हप्ते एकेका आठवड्यानं सरकवायचे की नाही, यासाठी वेगळी सेटिंग आहे, आणि ती पाहिल्याशिवाय सुट्टीची सेटिंग करू नये. शिवाय सुट्टी नोंदवली म्हणजे ती लागू झाली असं होत नाही. ती सक्रिय करावी लागते. वर्षाची यादी घालून ‘झालं’ म्हणून उठू नये.

सवलतीचा काळ तीन तऱ्हांचा असतो आणि या तिन्हींना बोलताना आपण एकच शब्द वापरतो, तिथेच घोटाळा. एकात मुद्दल काही हप्ते मागत नाही, व्याज चालू राहतं. दुसऱ्यात व्याजही मागत नाही, पण ते साठतं आणि पुढे वसूल होतं. तिसऱ्यात व्याज आकारलंच जात नाही. शेतीच्या कर्जाला ‘चार महिने सवलत’ असं परिपत्रकात लिहिलेलं होतं. कोणती, हे परिपत्रक काढणाऱ्यांनाही विचारल्यावर आठवावं लागलं. त्यांना पहिली अभिप्रेत होती. शाखांनी कर्जदारांना सांगितलेली दुसरी होती. काही कर्जदारांच्या समजुतीत तिसरी होती, आणि मी त्यांना दोष देणार नाही. परिपत्रक नव्यानं निघालं, तेव्हाच मी ती चौकट भरली.

मग आला वसुलीचा क्रम. हप्ता पूर्ण आला तर क्रमाला अर्थ नसतो. कमी आला की असतो. वरच्या कर्जाचा पहिला हप्ता १,१३५, त्यात व्याज २४० आणि मुद्दल ८९५. बाईनं ७०० दिले. आधी व्याज घेतलं तर मुद्दलात ४६० जमा झाले आणि शिल्लक मुद्दल राहिलं ११,५४०. आधी मुद्दल घेतलं तर सगळे ७०० मुद्दलात गेले, शिल्लक ११,३००. थकबाकी दोन्हीकडे ४३५च. पण पुढचं व्याज प्रत्यक्ष शिलकीवर मोजायचं ठरवलं असेल, तर दुसऱ्या पद्धतीत ते कमी पडतं. नेहमीचा क्रम दंड, शुल्क, व्याज आणि शेवटी मुद्दल असा असतो. कर्जदार सतत थोडी थोडी मागे राहत असेल, तर या क्रमात तिचे पैसे वरच्या वर दंडातच जिरतात आणि मुद्दल तसंच बसून राहतं. आम्ही व्याज आधी ठेवलं. दंडाचं पुढे सांगते.

लवकर भरणाऱ्यांचा प्रश्न उलटा असतो. घटत्या शिलकीचं कर्ज म्हटलं की आधी पैसे भरले तर व्याज आपोआप कमी होईल, असं सगळे धरून चालतात. व्याजाची फेरमोजणी सुरू केलेली नसेल तर तसं होत नाही. जास्तीचे पैसे पुढच्या हप्त्यांपोटी आगाऊ जमा होतात आणि व्याज तक्त्यात ठरलं तेवढंच राहतं. फेरमोजणी सुरू केली की पुढचा प्रश्न येतो: हप्ता लहान करायचा की हप्त्यांची संख्या कमी करायची? व्यक्तिगत कर्जांना आम्ही फेरमोजणी ठेवून हप्त्यांची संख्या कमी होईल असं केलं. साप्ताहिक गटकर्जांना फेरमोजणी ठेवली नाही, कारण दर बैठकीनंतर तक्ता बदलला तर कार्डावरचा छापील तक्ता आणि संगणकातला तक्ता यांचं कधीच जमणार नाही. पूर्ण कर्ज मुदतीआधी फेडणाऱ्या बाईला मात्र पुढच्या तारखांचं व्याज माफ करायचं, हा नियम लेखी केला आणि ती माफी शाखाधिकाऱ्यानं नोंदवायची.

थोडी तूट चालवून घेण्याची एक चौकट आहे, तिचं मला कौतुक आहे. १,१३१.१७ च्या जागी कुणी १,१३० दिले तर ते कर्ज थकीत म्हणायचं का? ही चौकट रिकामी ठेवली तर सव्वा रुपयाइतक्या फरकानंही कर्ज थकीत यादीत जातं. थकीत कर्जांचा अहवाल, विशेषतः तीस दिवसांपेक्षा जास्त थकलेल्या कर्जांच्या जोखमीचा, त्या कर्जाचं संपूर्ण उरलेलं मुद्दल मोजतो, फक्त थकलेली रक्कम मोजत नाही. नाण्यांच्या फरकापायी संस्थेची प्रकृती कागदावर बिघडलेली दिसायची. आम्ही ५ ची तूट चालू दिली.

पडताळणीसाठी मी सॉफ्टवेअरची वेगळी, फक्त चाचणीची प्रत मागून घेतली होती, खऱ्या माहितीपासून लांब. प्रत्येक प्रॉडक्टचा तक्ता आधी कागदावर किंवा स्प्रेडशीटवर स्वतंत्रपणे काढायचा, मग सॉफ्टवेअरकडून काढून घ्यायचा आणि ओळीला ओळ लावायची. नेहमीच्या तारखांनी काही सिद्ध होत नाही. वाकड्या तारखा घ्याव्या लागतात. ३१ तारखेचं वाटप घेतलं आणि फेब्रुवारीनंतर हप्ता पुन्हा ३१ किंवा ३० वर येतो की २८ लाच चिकटून राहतो, ते पाहिलं. लीप वर्ष मध्ये येणारं कर्ज घेतलं. बैठकीच्या दिवशीच वाटप झालेलं कर्ज घेतलं. पहिला हप्ता सुट्टीवर आणि दुसरा त्याच्या लगेच नंतर, असं जुळवून आणलं. तक्ता जुळला की त्याच कर्जावर भरणा करून पाहायचा: वेळेवर, उशिरा, अर्धा, दुप्पट. आणि शेवटच्या हप्त्यानंतर शिल्लक शून्य होऊन कर्ज बंद होतं का? हे पाहायला फार लोक विसरतात. शेवटी ०.०३ लोंबकळत राहिलं तर कर्ज चालूच दिसतं आणि त्या बाईला पुढचं कर्ज देता येत नाही.

जुनी कर्जं आणताना दोन मार्ग होते. एक, उरलेली शिल्लक नवं कर्ज म्हणून घालायची. काम लवकर होतं, पण कर्ज किती जुनं, कधी थकलं, याचा मागच पुसला जातो. दुसरा, मूळ वाटपाच्या तारखेनं कर्ज घालायचं आणि आजवरचे सगळे भरणे त्यांच्या त्यांच्या तारखेनं. आम्ही दुसरा घेतला. पण नव्या प्रॉडक्टमध्ये जुनं कर्ज घातलं की नव्या नियमांचा तक्ता निघतो, आणि कर्जदाराच्या कार्डावर छापलेला असतो जुना. कार्ड हातात आहे तोवर तोच तक्ता खरा मानायचा, यावर आमच्यात दुमत झालं नाही. त्यामुळे जुन्या कर्जांसाठी वेगळी प्रॉडक्टं उभी केली, जुन्याच पद्धतीची: फ्लॅटला फ्लॅट आणि शाखेच्या सवयीप्रमाणे दिवसांची मोजणी. नावापुढे ‘जुने’ असं लिहिलं आणि नव्या अर्जांसाठी ती बंद ठेवली. थोडेच हप्ते उरलेली कर्जं आणलीच नाहीत. ती स्प्रेडशीटवरच संपू दिली.

दंडाचं राहिलं. उशिराच्या हप्त्यावर ठरावीक दंड लावायचा की थकलेल्या रकमेच्या टक्क्यानं, बैठकच झाली नाही तर लावायचा का आणि लावलेला माफ कुणी करायचा, यावर अजून एकमत नाही. सॉफ्टवेअरला यातलं काहीही जमतं, म्हणून घाईनं एखादं निवडावं असं मला वाटलं नाही. आज आमच्या एकाही प्रॉडक्टला दंड जोडलेला नाही. ठरेल तेव्हा तो नव्या प्रॉडक्टला जोडू, कारण सध्याच्या कर्जदारांच्या कार्डावर तो छापलेला नाही.